मुळीचं नाव

आमच्या कळसाडीच्या घरात रविवारी सकाळी काविळीचं औषध देतात. फुकट. आधी सासरे द्यायचे, आता सासूबाई देतात. सहाणेवर उगाळायचं काम माझं. मुळी कसली ते मला माहीत नाही. माझ्या हातात येते ती सोललेली. उगाळून ताकातून उपाशीपोटी पाजायची आणि बजावायचं, दुसरं औषध घेऊ नका.

बहुतेक लोक बरे होतात. कावीळ बऱ्याचदा आपोआप उतरते, हे एका डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. बरे झालेले सांगायला येतात. बाकीचे येत नाहीत, आणि आम्हीही विचारायला जात नाही.

गेल्या वर्षी तळोद्याच्या वरच्या पाड्यावरची एक गरोदर बाई दुसऱ्यांदा आली. पहिल्या रविवारी ती चालत आली होती. आता भाऊ तिला धरून आणत होता. डोळे पिवळेजर्द, बोलणं भलतंच. मी वाटी खाली ठेवली.

"दे ना वं, लोके थांबेल शेतस," सासूबाई म्हणाल्या.

"हिला दवाखान्यात न्यायचं."

"आपला दारथून कोनी रिकामं गयं नही."

"आम्हाला नाही का द्यायचं, बाई?" भाऊ शाळेतल्या मराठीत म्हणाला. पाड्यावरचे म्हणून नाकारतेय असं त्याला वाटलं, हे मला कळलं. समजावत बसायला वेळ नव्हता. नवऱ्याला गाडी काढायला लावली आणि दोघांना घेऊन शहाद्याचा दवाखाना गाठला.

"काय पाजलंत हिला?" डॉक्टरांनी विचारलं.

"मुळी."

"कसली?"

उगाळणारी मी, आणि मलाच सांगता येईना. सासूबाईंना फोन लावला.

"तुले काय करनं शे? नाव सांगं का गुण जास." फोन बंद.

मुळी बाधली की आजारच वाढला, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. बाई वाचली. मूल नाही. पाड्यावर बातमी पोचली ती अशी, की कळसाडीच्या औषधाने बाई मरणातून उठली.

पुढच्या रविवारी अंगणात जास्तच चपला होत्या. सासूबाईंनी मुळी माझ्यापुढे धरली.

"नाव सांगा, मंग उगाळस," मी त्यांच्याच बोलीत म्हणाले.

त्यांनी सहाण स्वतःकडे ओढली. बोटं वाकडी झालेली, मुळी सारखी निसटत होती, तरी उगाळत राहिल्या. मी बाहेर गेले आणि पहिल्याच माणसाला विचारलं, "रक्त तपासलं का?"

तो मान तिरकी करून माझ्यामागच्या दाराकडे बघत राहिला.