इम्तियाजचं ‘पावणं’ आणि माझा जळफळाट

इम्तियाज गेला त्या दिवशीसुद्धा मी त्याच्यावर जळत होतो.

कब्रस्तानातून घरी आलो, फोन उघडला, तर त्याच्या प्लगिनच्या पानावर जगभरातून मेसेज. ब्राझील, पोलंड, जपान. रडणारे इमोजी.

मी गेलो तर शाळेच्या ग्रुपवर RIP पडेल. तेही कॉपी-पेस्ट.

आज त्याला वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. साध्या टेक्स्ट फाईलींपासून वेबसाईट बनवून देणारं सॉफ्टवेअर असतं. त्यात एका पानातून दुसऱ्या पानाची लिंक द्यायची तर फाईलचा अख्खा पत्ता टाईप करावा लागतो. फाईल हलवली की लिंक तुटली.

यावर प्लगिन, म्हणजे त्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम, लिहायचं आम्ही दोघांनी राजारामपुरीतल्या एकाच खोलीत बसून ठरवलं. त्याचं वेगळं, माझं वेगळं.

माझ्यात ढीगभर सेटिंग्ज. मॅन्युअल छापलं असतं तर उशाला घेता आलं असतं.

त्याच्यात काहीच नाही. कंसात पानाचं नुसतं नाव लिहायचं. पान कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते प्लगिन स्वतः शोधणार.

“लोकास्नी पत्ता कशाला लिवायला लावतोस?” तो म्हणायचा. “आपल्यात रिक्षावाल्याला पत्ता कोण सांगतंय? नाव सांगायचं, बसायचं.”

“आणि एकाच नावाची दोन पानं असली तर?”

“मग त्यो इचारतोय की. पावणं, ह्यातलं कुठलं?”

म्हणून प्लगिनचं नाव ‘पावणं’.

नावसुद्धा भारीच सुचावं ना माणसाला!

लोकांच्या उड्या पडल्या त्याच्यावर. माझं प्लगिन जगात एकच माणूस वापरत होता. मी.

तो गेल्यावर ‘पावणं’ सांभाळायचं माझ्याच गळ्यात पडलं. प्रोग्राममधले बग मी काढतो, शिव्या मी खातो. आणि लोक लिहितात, “थँक यू इम्तियाज!”

अरे, मी केलंय ते!

ईदला त्याच्या अम्मींकडे गेलतो. शिरखुर्म्याची वाटी हातात देत त्यांनी विचारलं, “बाळा, त्येचं त्ये कम्प्युटरवरचं काम बंद पडलं असंल न्हवं?”

खरं सांगतो, ते आता माझं आहे, असं अगदी जिभेवर आलं होतं.

म्हणालो, “न्हाय अम्मी. चाललंय.”

“त्येच्याच नावानं?”

“व्हय.”

माझी वाटी अर्धी भरलेली होती, तरी त्यांनी त्यात आणखी एक पळी वाढली.

परत येताना गाडीवर इतका राग आलेला. त्याचा, माझा, शिरखुर्म्याचासुद्धा.

आज सकाळी माझ्या साईटवरनं माझं प्लगिन काढलं आणि ‘पावणं’ बसवलं.

सगळ्या लिंका पहिल्या फटक्यात लागल्या. एकही चूक नाही.

त्याला एक कचकचीत शिवी हासडली. मग लॅपटॉपपुढं बसून हमसून हमसून रडलो.

भावा, अजून जळतोय तुझ्यावर.

जा निवांत. तुझं नाव काढणार नाही मी तिथनं.