सातवी पायरी

भूकंपाने जिना हलत होता, दिवे गेले होते, वरच्या मजल्यावर माणसं ओरडत होती, आणि आमचे मॅनेजरचाचा खाली अंधारात उभे राहून हॉटेलाची माहिती सांगत होते. "बावीस पायऱ्या हायेत. वरून सातवी उंच हाय. पुढच्या दारानं न्हाई जायचं, वर दगडी सज्जा हाय. डावीकडच्या कमानीतून अंगणात चला."

चाचांइतकं डोकं उठवणारा माणूस अख्ख्या लातुरात नव्हता. गंजगोलाईजवळचं ते हॉटेल निजामाच्या काळात एका व्यापाऱ्याने बांधलेलं. मी तिथे भाकऱ्या थापायचे. गिऱ्हाईक कितीही दमून येवो, चाचा आधी हॉटेल दाखवायचे, मग किल्ली द्यायचे. चुन्यात गूळ नि बेलफळ किती दिवस मळलं, कमान कशी उचलली, मालकाच्या हौसेपायी सज्जा नंतर कसा चिकटवला, सगळं ऐकावं लागायचं. जिन्यावर पायऱ्या मोठ्याने मोजून घ्यायचे. सातवी गवंड्याच्या चुकीने चार बोटं उंच झालेली, आणि चाचांना कौतुक तिचंच जास्त. देवणीचा एक बैलांचा व्यापारी एकदा चिडला. "चाचा, मला झोपायचंय, हॉटेल विकत न्हाई घ्यायचं."

"विकत घेणारा उजेडात बघतो," चाचा म्हणाले. "झोपणाऱ्याला अंधारात उतरावं लागतं. मोजा."

"सोडा की त्याला," मी चुलीपासून म्हणायचे, "भाकरी गार व्हायली."

भूकंपाच्या त्या पहाटे तो व्यापारी वरच होता. मोजत उतरला, सातवीवरून पाय लांब टाकला, मागच्यांनाही ओरडून सांगितलं. सगळे अंगणात पोचलो, तेवढ्यात पुढचा सज्जा दारात कोसळला.

सज्जा परत कुणी बांधला नाही. कमान आहे तशीच आहे. आता तिथे कोचिंगला येणाऱ्या मुली राहतात. चाचा होते तोवर त्यांनाही फिरवायचे. ते म्हातारे होऊन अंथरुणातच वारले. मला वाटलं, सुटले एकदाची त्या बडबडीतून. दुसऱ्या दिवशी नवी मुलगी आली आणि किल्ली माझ्या हातून सुटेना. तेव्हापासून मीच फिरवते. परवा बिलोलीची एक पोर म्हणाली, "आजी, हे परीक्षेला येणार हाय का?"

"न्हाई," मी म्हटलं. "मोज."

त्या पहाटे हॉटेलात आम्ही एकोणीस जण होतो. एकोणीसही वाचलो. चाचा सगळ्यांच्या शेवटी बाहेर आले.