नववा चाकू

नऊ जणांपैकी एकही जण हसत नव्हता, आणि ते नऊच्या नऊ हास्यक्लबचे सभासद होते.

"हा माझा नाही," कुंदाताई म्हणाल्या.

"चार नंबरचं टोकन, चार नंबरचं पाऊच. बरोबर आहे की, ताई."

"नंबर बरोबर आहे. चाकू माझा नाही."

त्यांच्या मागून एकेक करत बाकीचे बोलायला लागले. हाही माझा नाही. हा तर अजिबातच नाही. तेव्हा मी चौदा वर्षांच्या नोकरीतलं सगळ्यात महागात पडलेलं वाक्य बोललो.

"अहो, सगळे सारखेच तर आहेत. कुठलाही घ्या ना."

क्लबचे अध्यक्ष बेलसरे सर पुढे आले. शाळेत सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. पांढरी टोपी, काखेत छत्री. "मी तीस वर्षं शाळा चालवली," ते म्हणाले. "पण युनिफॉर्म सारखाच आहे, तेव्हा घरी जाताना कुठलंही पोर न्या, असं पालकांना कधी सांगितलं नाही."

मीही सुपरवायझरच. खराडीतल्या एका आयटी कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर. लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे सॅल्यूट मारायचा आणि गाडीची डिकी उघडून बघायची. खरं काम असतं वस्तू सांभाळायचं. कंपनीत ज्या वस्तू न्यायला बंदी आहे, त्यांना आम्ही 'प्रोहिबिटेड आयटम' म्हणतो. चाकू, लायटर, पेन ड्राइव्ह. त्या गेटवर जमा करायच्या, पाऊचमध्ये घालायच्या, पाऊचवर नंबर टाकायचा आणि त्याच नंबरचं टोकन मालकाला द्यायचं. जाताना टोकन घ्यायचं, वस्तू द्यायची. देवळाबाहेर चपला ठेवतात तसंच.

त्या दिवशी एचआरने 'वेलनेस वेन्सडे' ठेवला होता. कंपनीतली मुलं हसत नाहीत म्हणून पेठेतल्या एका बागेतला हास्यक्लब बोलावला होता. नऊ जण आले. फ्रिस्किंग केलं, म्हणजे अंगावरून हात फिरवून तपासणी. नऊ जणांकडे नऊ फोल्डिंगचे चाकू निघाले. सगळे एकसारखे. काळपट लाकडी मूठ, मूठ जोडणारी पितळी रिबिटं, बोटभर पातं आणि पात्याच्या बुडाशी ठोकलेला छोटासा मासा. हसून झालं की रोज बागेत ही मंडळी फळं कापून खातात म्हणे. प्रत्येकाचा चाकू वेगळा, कारण एकाच्या चाकूला लसणाचा वास, दुसऱ्याला उपास. सगळे चाकू बुधवार पेठेजवळच्या एका बोळातल्या दस्तगीरचाचा शिकलगारांकडचे. शिकलगार म्हणजे चाकू-कात्र्या बनवणारे आणि त्यांना धार लावणारे. किंमत जेमतेम दीडशे रुपये.

गेटवर आमचे वानखडे होते. मूळचे यवतमाळकडचे, वय पन्नास, गार्ड म्हणून एक नंबर. त्यांना मी बाजूला घेतलं.

"वानखडे, हे कसं झालं?"

"मी सगळ्याईले म्हनलं, चाकू ट्रेमधी ठेवा. मंग टोकनं देल्ले. मंग पाऊच भरले."

"म्हणजे नऊही चाकू आधी एकाच ट्रेमध्ये? हातात का नाही घेतले एकेक?"

"साहेब, चाकू हातात देत-घेत नसते. भांडन होते."

"मग आता हे काय चाललंय?"

वानखडेंनी लॉबीकडे पाहिलं. "हातात घेतले असते तं याहून मोठं झालं असतं."

मी पाऊच पुन्हा मोजायला घेतले.

तेवढ्यात ॲडमिन मॅनेजर कविता मॅडम खाली आल्या. सव्वाबारा वाजले होते. एक वाजता परदेशी क्लायंट यायचे होते आणि लॉबीत नऊ ज्येष्ठ नागरिक ठाण मांडून बसले होते. एकाने तर पायातले बूटही काढले होते.

"जगताप, मागच्याच महिन्यात बोललो आपण," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "आणखी एक एस्कलेशन आलं, तर ही साइट मी तुमच्याकडे ठेवू शकणार नाही."

एस्कलेशन म्हणजे वर गेलेली तक्रार. साइट जाणं म्हणजे आमच्या एजन्सीने मला तिथून उचलून एखाद्या गोडाऊनवर नाइटला टाकणं. माझी बायको येरवड्यात शाळेत आहे, लेकीची दहावी. मला ही साइट हवी होती.

मॅडमनी आधी आपल्या पद्धतीने प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला. गिफ्टिंगच्या कपाटातून कंपनीच्या लोगोचे नऊ चकचकीत मल्टि-टूल मागवले. एकेकाची किंमत त्या मासेवाल्या चाकूच्या दसपट असेल.

"हे घ्या आमच्याकडून. चाकूच्या बदल्यात."

बेलसरे सरांनी एक हातात घेतला आणि त्याची पाती पेपर तपासावा तशी तपासली. "स्क्रू ड्रायव्हर आहे. बाटलीचं झाकण उघडायचं आहे. नखांची कानस आहे. कात्री आहे, ती मिश्यांनाही पुरणार नाही. वा! एवढं सगळं करता येतं आणि पेरू कापायचा झाला तर चाकू दुसऱ्याकडे मागायचा."

"आणि चाकू कुणाकडून भेट घेत नाहीत," कुंदाताई म्हणाल्या. "नातं तुटतं."

आपलं नातं जुळलं कधी, असा चेहरा मॅडमनी केला. बेलसरे सरांना मात्र सूर सापडला होता. ते उभे राहिले. "प्रश्न दीडशे रुपयांचा नाही, मॅडम. निष्ठेचा आहे. चाळीस वर्षं एक कारागीर. एका ठोक्याचा मासा. आजकालची पिढी बसल्या जागी मोबाइलवर बोट मारते आणि चाकू घरी येतो. ज्याने बनवला त्याचं तोंड पाहिलेलं नसतं! आमच्या क्लबमध्ये असला माणूस तुम्हाला मिळणार नाही."

बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. हास्यक्लबच्या टाळ्या त्या, ठेक्यात पडल्या. वरच्या मजल्यावरचे दोन इंजिनिअर पुन्हा सेशन सुरू झालं समजून रेलिंगपाशी आले आणि हो हो, हा हा करायला लागले.

लॉबी रिकामी करायची तर एकच मार्ग होता. मी म्हणालो, "मंडळी, बाहेर चला. कापून बघू. स्वतःचा चाकू हाताला कळतोच."

आत पातं उघडायला बंदी, म्हणून वरात फुटपाथवर. मी गाडीवाल्याकडून पेरू घेतले. कंपाउंडच्या बुटक्या भिंतीवर नऊ चाकू ओळीने मांडले. हातात कुणी कुणाला दिला नाही, वानखडे जातीने लक्ष ठेवून होते.

पहिल्याने डावीकडचा तिसरा चाकू उचलला, पेरू कापला. "हा माझा."

दुसऱ्याने तोच उचलला. "छे, हा माझा."

तिसऱ्याचं तेच. दहा मिनिटांत कळलं की सगळ्यात जास्त धार त्या एका चाकूला आहे आणि तो आठ जणांचा आहे. उजवीकडच्या शेवटच्या चाकूने पेरू कापला जात नव्हता, चेपला जात होता. तो कुणाचाच नव्हता.

"घरी भांड्यांवर नावं घालता," मी वैतागून म्हणालो. "चमच्यावरसुद्धा घालता. चाकूवर घालायला काय झालं होतं?"

"चाचा घालू देत नाही," कुंदाताई म्हणाल्या. "म्हणतो, माशाच्या शेजारी कुणी राहायचं नाही." मग त्या थांबल्या. "अहो, चाचालाच विचारा की! धार तोच लावतो. त्याला कळेल."

त्यांच्याकडे नंबर होता. मी माझ्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला. समोर पांढरी दाढी आणि पंख्याचं एक पातं दिसलं. "साहेब, हे हलणारं चित्र मला दिसत नाही. एकेकाचे फोटो पाठवा, दोन्ही अंगांनी."

फोटो पाठवले. खराडीच्या रस्त्याचा आवाज तुम्हाला माहीत असेल. मी एका कानात बोट घातलं आणि दुसऱ्याला फोन चिकटवला. चाचांचं फक्त मलाच ऐकू येत होतं. ते सांगायचे, मी ओरडून जाहीर करायचो.

"पहिल्याचं एक रिबीट तांब्याचं आहे ना? जाधवांचा. मीच बदललंय." जाधवकाकांनी चाकू उचलला, चष्मा वर करून पाहिला आणि मान डोलावली. "दुसऱ्याची धार उलट्या अंगाला आहे. कुंदाताईंचा, त्या डावखुऱ्या. तिसरा शहांचा, परवाच धार लावून नेला." त्यावर हक्क सांगणारे बाकीचे पडलेले चेहरे घेऊन मागे सरकले, शहाकाका विजयी मुद्रेने पुढे आले. असं करत आठ चाकू मार्गी लागले. भिंतीवर एक उरला, तो पेरू चेपणारा. आणि समोर एक माणूस उरला, बेलसरे सर.

"चाचा, नववा?"

"साहेब, हा माझा नाही."

"म्हणजे?"

"माशाचं तोंड बघा. माझा मासा मुठीकडे पोहतो. हा टोकाकडे चाललाय. नक्कल आहे. मोबाइलवर मिळते, नव्व्याण्णव रुपयांत. लोक घेतात आणि धार लावायला माझ्याकडे आणतात. मी परत पाठवतो."

मी वर पाहिलं. बेलसरे सर माझ्याकडे बघत होते. भाषण करताना ताठ असलेली मान आता खाली आली होती. छत्री त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. त्यांना ऐकू काहीच आलं नव्हतं, पण सगळं माहीत होतं. मागे आठ जण उभे होते, रोज सकाळी ज्यांच्यासोबत ते हसायचे ते.

खरं बोललो असतो तर माझा प्रश्न तिथेच मिटत होता. नऊ वस्तू जमा, नऊ परत, काम संपलं. पण का कोण जाणे, मला त्या म्हाताऱ्याची दया आली. वर्गासमोर उभं केलेलं पोर दिसतं तसे ते दिसत होते. माझी जीभ आपोआप वळली.

"नववा चाकू आमच्या वानखडेंचा आहे," मी जाहीर केलं. "चुकून ट्रेमध्ये गेला. बेलसरे सरांचा चाकू आमच्याकडून गहाळ झाला. चूक आमची."

"माहा?" वानखडे म्हणाले.

"हो, तुमचा."

"माहा चाकू?" मी डोळे वटारले. "हो हो. माहाच हाय. आजीनं देल्ला होता."

मला वाटलं, सर माझ्याकडे कृतज्ञतेने बघतील. निदान मान खाली घालून रिक्षात बसतील. सरांनी छत्री काखेत मारली, मान ताठ केली आणि फुटपाथ दणाणून सोडला.

"गहाळ? माझा चाळीस वर्षांचा चाकू गहाळ? ही काय सिक्युरिटी आहे! मी लेखी तक्रार करणार आहे."

केलीच. तीन पानी, सुवाच्य अक्षरात, परिच्छेदांना आकडे घालून. कविता मॅडमनी बोलावून मला ती वाचून दाखवली. 'बेजबाबदार' हा शब्द चार वेळा होता. "रविवारपर्यंत त्यांनी तक्रार मागे घेतली तर ठीक," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर सोमवारी मला तुमच्या एजन्सीला कळवावं लागेल." आता खरं सांगायची सोय नव्हती. सांगणार तरी काय? इन्सिडेंट रिपोर्टवर माझीच सही होती, चाकू गहाळ म्हणून. मनातल्या मनात मी सरांना ज्या शिव्या घातल्या, त्या इथे लिहीत नाही.

शनिवारी दस्तगीरचाचांचा बोळ शोधत गेलो. दुकान एका पलंगाएवढं. मी म्हणालो, "चाचा, बेलसरे सरांचा होता तसाच एक चाकू द्या."

"कोण बेलसरे?"

मी टोपी, छत्री, मान असं सगळं वर्णन केलं. चाचांनी चाक थांबवलं. "ते होय! रोज समोरून जातात, लांबूनच हात जोडतात. मोठा अदबशीर माणूस. चाळीस वर्षं झाली असतील."

"आणि चाकू?"

"दुकानात कधी आले नाहीत."

मी दुकानाच्या पायरीवरच बसलो. मग हसायला लागलो. चाचाही हसले. वेलनेस वेन्सडेला जे कुणाला जमलं नव्हतं ते तिथे जमलं, पोट दुखेपर्यंत. चाचांनी एक चाकू निवडला, मला भीती वाटेपर्यंत धार लावली. मी दीडशे रुपये ठेवले.

रविवारी सकाळी बागेत गेलो. सर बाकावर एकटे होते, बाकीचे अजून हसत होते. मी चाकू हातात दिला नाही. बाकावर ठेवला.

"सापडला, सर. कपाटाच्या मागे पडला होता. जरा पुसून घेतलाय."

सरांनी चाकू उचलला. नवी कोरी मूठ, चकचकीत पितळ. आधी त्यांनी मासा पाहिला. मुठीकडे पोहत होता. मग त्यांनी पेरू काढला आणि पातं नुसतं टेकवलं. पेरूचे दोन भाग अलगद बाजूला झाले. अर्धा त्यांनी माझ्यापुढे केला.

"हं," ते म्हणाले. "पूर्वीइतका नाही राहिला. पण माझाच आहे."

तक्रार त्याच दिवशी मागे घेतली. लेखी. त्यात 'यापुढे काळजी घ्यावी' हे वाक्य होतंच.

साइट वाचली. नक्कल चाकू वानखडेंकडे गेला, लसूण सोलताना आठ दिवसांत त्याची मूठ निघाली. आजीचा होता, असं ते अजूनही सांगतात. दोन महिन्यांनी चाचांचा फोन आला. आवाजात हसू मावत नव्हतं.

"साहेब, तुमचे बेलसरे आले होते. दुकानात! धार लावून घेतली. म्हणाले, चाळीस वर्षांत पहिल्यांदाच बोथट झाला."

वानखडेंचं म्हणणं मी आता मानतो. चाकू हातात देऊ नये. खाली ठेवावा, ज्याचा त्याने उचलावा. फक्त त्याआधी त्याला टोकन बांधावं.