पराटीची पातेगळ आणि माझी वेणी

लेकरू आईला ओळखून हसायला लागलं की आईचे केस गळतात, असं आमच्या राळेगावकडच्या बायका छातीठोकपणे सांगतात. माझी लेक चौथ्या महिन्यात हसायला लागली आणि माझ्या फणीत झुबकेच्या झुबके यायला लागले. झालं, पुरावा मिळाला! शेजारणी यायच्या, लेकीला गुदगुल्या करायच्या, ती खुदकन हसली की माझ्या डोक्याकडे बघायच्या. आता लेकरानं काय आईची वेणी वाचवायला तोंड पाडून बसायचं?

सासूबाईंना मात्र या केसगळीचा भारी आनंद. आमच्याकडे फणीतले केस कोणी फेकत नाही. बोळा करून भिंतीच्या फटीत खुपसायचा आणि केसांवर भांडी देणारी बाई टोपलं घेऊन ओरडत आली की तिला द्यायचा. एरवी वर्षभराच्या बोळ्यांवर दोन सुया आणि एखादा फुगा मिळायचा. यंदा फट भरली, तेव्हा सासूबाईंनी खिळ्याला पिशवी टांगली. रोज सकाळी ती चाचपून म्हणायच्या, "यंदा गंज येते बाई, स्टीलचा." गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं. माझं डोकं म्हणजे त्यांच्या लेखी ऐन भरात आलेलं वावर.

नुसते केस असते तर मीही गप्प राहिले असते. पण विहिरीवरून एक घागर आणली की धाप लागायची. भादव्याच्या उकाड्यात सगळं गाव घामाघूम आणि मी लुगडं अंगाभोवती लपेटून कुडकुडत बसलेली. तोंड सुजलेलं, आवाज बसलेला. लेकीला पाजायला घेतलं की बसल्याबसल्या डोळे मिटायचे. एकदा तशीच ती मांडीवरून घरंगळली. लागलं काही नाही. पण या पोरीला माझ्याच हातून काही झालं तर? आणि मलाच काही झालं तर हिला कोण बघणार? त्या दिवसापासून दुसरं काही सुचेना.

नवऱ्याला सांगितलं. तो विळ्याला धार लावत होता. मान वर न करता म्हणाला, "होते असं. माही माय म्हणते ना, होते म्हून."

त्याच आठवड्यात आमच्या पराटीला, म्हणजे कपाशीला, पातेगळ लागली. कपाशीच्या ज्या कळीचं पुढे बोंड होतं, ती पाती. ती फुलायच्या आधीच खाली पडायला लागली की शेतकऱ्याची झोप उडते. अगं बाई, काय ती धावपळ! माझ्या नवऱ्यानं मुळासकट झाड उपटलं, मुळ्यांना ओलं फडकं गुंडाळलं आणि पहिल्या एसटीनं राळेगावचं कृषी केंद्र गाठलं. मला बाळंतपणात इतक्या नाजूक हातानं कोणी उचललं नव्हतं.

ते दिवसच कापसाच्या काळजीचे. नवं महागडं बियाणं आलेलं, भाव कोसळलेले. गावात जीपगाड्या यायच्या, शहरातली माणसं उतरून वावरात जायची, झाडाला बोंडं किती, अळी कुठली, सगळं विचारायची. मी दारात लेकरू घेऊन उभी असायची. मला काय विचारायची? तर, "बाई, पाणी मिळेल का?"

संध्याकाळी नवरा परतला. म्हणाला, "पराटीले झिंक कमी हाय म्हणे." मग जरा रुबाबात, "तुह्या केसाचंबी इचारलं त्या केंद्रवाल्याले. तो म्हणे, तिलेबी झिंकच कमी असन." पराटीसाठी त्यानं पुडा आणला होता. माझ्यासाठी नुसतं निदान आणलं होतं, फुकटातलं.

पुड्यानं पातेगळ थांबली नाही. दुसरं झाड उपटून तो यवतमाळला मोठ्या अधिकाऱ्याकडे निघाला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी धडकं लुगडं नेसले, लेकीला कडेवर घेतलं, खिळ्यावरची पिशवी काढली आणि त्याच्या मागोमाग फाट्यावर जाऊन उभी राहिले.

"तू कुठी चाल्ली वं?"

"यवतमाळले. तुमी पराटी घेऊन चाल्ले, मी मले घेऊन चालली."

"आता? पराटी मरून राह्यली अन् तुले..."

"मंग मलेबी पराटी समजा अन् चाला! माह्याबी पात्या गळून राह्यल्या."

फाट्यावरची माणसं खो खो हसली. नवरा मान खाली घालून एसटीत चढला. मागून सासूबाई ओरडत आल्या. माझ्यासाठी नव्हे, पिशवीसाठी. "अवं, गंजाचे केस कुठी नेतं!"

यवतमाळची डॉक्टरीणबाई तोंडानं फटकळ होती. नवऱ्याला विचारलं, "बाळंतपण कधी झालं हिचं?"

त्यानं छताकडे बघितलं. "वखरणी झाली होती, पेरणी व्हायची होती."

"मूल किती महिन्यांचं?"

"पराटीहून दोनेक महिन्यानं मोठं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. पराटी किती दिवसांची, हे मात्र त्यानं न अडखळता सांगितलं. मग तिनं माझी पिशवी उघडून बघितली आणि म्हणाली, "हे बघ, केस बहुतेक बाळंतिणींचे गळतात. तीन-चार महिन्यांनी सुरू होतं, लेकरू वर्षाचं होईस्तोवर आपसूक थांबतं. त्याला दवा लागत नाही. पोरीला खुशाल हसू दे. पण सोबत धाप, थंडी, सूज, असा थकवा असला, टाळूवर चट्टे पडले, नाहीतर वर्ष उलटूनही केस गळतच राहिले, तर 'होतं असं' म्हणत घरी बसायचं नाही. तडक यायचं." माझी खालची पापणी ओढून तिनं नवऱ्यालाच दरडावलं, "रक्त दिसतं का कुठं?" तपासण्यांत निघालं, रक्त फार कमी आणि गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी मंदावलेली. गोळ्या सुरू झाल्या.

वेचणीच्या दिवसांत माझ्या अंगात जीव आला. लेकीला पाजताना डोळे उघडे राहायला लागले. कपाळावर बारीक केस उगवले, साळिंदरासारखे उभे. शेजारणी म्हणाल्या, "पोट्टीचं हासणं कमी झालं वाटते." काय बोलायचं यांच्यापुढे! पिशवीवर सासूबाईंना गंज मिळाला, दीड कप चहा मावेल एवढा. तो त्या घासूनपुसून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायच्या.

एका दुपारी मी गोळी घेत होते. सासूबाई अंगणात गोधडी पांघरून उन्हात बसल्या होत्या. बारा महिने त्यांना थंडी वाजायची. आवाज घोगरा, भुवया अर्ध्या झडलेल्या, अंबाडा सुपारीएवढा. "सहा लेकरं हासली माह्यावर, केस राह्यतीन कायचे?" असं त्या नेहमी म्हणायच्या आणि आम्ही सगळे हसायचो.

"थे डॉक्टरीण तुले थंडीचं इचारे का वं?"

"हो."

"धापेचं?"

"हो, तेही."

त्यांनी अंबाड्यावरून हात फिरवला. "मोठ्या पोट्टीच्या बखतीपासून हाय मले हे. मले वाटे, होते असं."

मोठ्या नणंदेला आता सून आली होती. म्हणजे ही बाई इतकी वर्षं धापा टाकत सहा बाळंतपणं, वेचणी, निंदण, सगळं करत राहिली आणि एकानंही तिला एसटीत बसवलं नाही. असा संताप आला मला! आणि तो काढायचा कोणावर, तेच कळेना.

रात्री जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, उद्या आईंना यवतमाळला न्यायचं. त्याचा घास हातातच राहिला. "मायले? तिले काय झालं? तिचं तं पयलेपासून..."

फाट्यावरचं माझं वाक्य तोवर गावभर झालं होतं. सासूबाईंनी ताट बाजूला सारलं आणि लेकाकडे न बघता म्हणाल्या, "मलेबी पराटी समज, बाबू."

सकाळी आमच्या आधी तोच फाट्यावर जाऊन उभा होता.