डाव्या कुशीतली करकर

आबांचा हात फार लवकर उठायचा. दरबारात असताना तो खलाशांवर उठे, घरी आईवर आणि माझ्यावर. इंदूर संस्थान विलीन झालं, मध्य भारत राज्य आलं, आणि दरबारच्या नावा-होड्यांची देखरेख करणारे आमचे आबा एका सकाळी घरी बसले. खलाशी गेले. उरलो आम्ही दोघी.

सिरपूरच्या तलावावरच्या नावांची विल्हेवाट लागली तेव्हा त्यातली एक शिडाची नाव आबांनी स्वतःसाठी मागून घेतली. सागवानी, चार माणसं बसतील एवढी, एका डोलकाठीची. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. रविवारी काष्टा घट्ट मारून मी आबांच्या मागोमाग सायकलीवर निघायची, बडा गणपतीपासून धारच्या रस्त्याने थेट तलावापर्यंत. गल्लीतले लोक बघायचे. आबांकडे बघून कोणी बोलायचं नाही. शिडाचे दोर धरायला त्यांना माणूस लागायचं, आणि ते काम त्यांनी मला लहानपणीच शिकवलं होतं. छडीने शिकवलं, पण चांगलं शिकवलं.

त्या उन्हाळ्यात नाव करकरायला लागली.

लाकडाची नाव थोडी कुरकुरतेच, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण हा आवाज वेगळा होता. वारा डाव्या अंगाने आला, नाव उजवीकडे कलली की खालून कुठून तरी दात खाल्ल्यासारखी करकर व्हायची. वारा फिरला की बंद.

"चुप!" आबा ओरडायचे. मी बोललेली नसायची. "ऐक. कुठून येऊन राहिलाय?"

त्यांना तो आवाज सहन होत नव्हता. पहिल्या रविवारी त्यांनी डोलकाठीच्या बुडाला बाभळीच्या पाचरी ठोकल्या. ठोकताना मोगरी अंगठ्यावर बसली, तर त्याच मोगरीने त्यांनी बाकाची फळी फोडली. ती फळी मग नवी बसवावी लागली. पुढच्या खेपेला शिडाची आडवी काठी जिथे डोलकाठीला टेकते तिथे चामडं गुंडाळलं, त्यावर चरबी चोपडली. तिथली एक बारीक चिवचिव त्याने गेली. सुकाणूच्या बिजागरीत एरंडेल सोडलं, तिचं कण्हणं थांबलं. पण ती मोठी करकर जिथल्या तिथे. आबांनी पाण्याचं मडकं उचलून नावेच्या तळावर आपटलं. खापरी माझ्या पायात शिरली. ती काढून मी तशीच दोर धरून बसले.

घरी आल्यावर आईने पाय पाहिला. "काय झालं?"

"मडकं फुटलं."

"फुटलं का फोडलं?" तिने हळदीची चिमूट जखमेवर दाबली.

मला आता त्या आवाजाचा मागच काढायचा होता. नाव उथळ पाण्यात ओढून घेतली तेव्हा मी आबांना म्हटलं, "चालत्या नावेत ऐकू येत नाही नीट. डोलकाठीच्या शेंड्याला दोर बांधा आणि उजवीकडून ओढा. वारा ओढतो तसं. मी आत पडून ऐकते."

त्यांना ते पटलं. ते काठावरून दोर ओढायला लागले. मी नावेच्या तळाशी आडवी झाले, वेताच्या काठीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं एकेका फळीवर टेकवत गेले. डोलकाठीचं बूड गप्प होतं. बाकाखालची फळीही गप्प. डाव्या कुशीला काठी टेकवली आणि ती करकर माझ्या डोक्यात घुसली.

डोलकाठीला दोन्ही बाजूंनी तारा ताणून धरतात. डावी तार नावेच्या कुशीतल्या एका लोखंडी पट्टीला अडकवलेली होती. वरून रंग छान चकचकीत. मी नखाने रंग खरवडला, तर आतून तपकिरीसारखी काळी भुकटी निघाली. पट्टीचा बोल्ट बोटाने हलत होता.

"आबा, सापडलं. पट्टीमागचं लाकूड कुजलंय. ही निघाली तर डोलकाठी पडेल."

ते वाकून आत आले. पट्टीकडे त्यांनी नीट पाहिलंसुद्धा नाही.

"ती पट्टी मी बसवली आहे. माझ्या हाताने."

"असेल. पण लाकूड…"

हातातल्या दोराचं टोक माझ्या कानावर बसलं, मग पाठीवर. डोळ्यांपुढे पांढरं झालं. "मला शिकवते? चल, ढकल पाण्यात. बघू कशी पडते."

मी ढकलली. त्यांच्यासमोर नाही म्हणायची सवय मला नव्हती, आणि एकटे गेले असते तर बुडालेच असते, हेही मला दिसत होतं.

तलावाच्या मध्यावर होतो तेव्हा पश्चिमेकडून आंधी उठली. आधी काठावरची झाडं धुळीत गेली, मग पाणी काळं पडलं. "शीड उतरवा!" मी ओरडले. आबांनी सुकाणू दाबून धरलं आणि डावं अंग सरळ वाऱ्याला दिलं. करकर आली, चढत गेली, आणि बंदुकीसारखा आवाज होऊन पट्टी लाकडाच्या ढलप्यासकट उपटून निघाली. तार चाबकासारखी माझ्या कपाळावरून गेली. डोलकाठी मोडून आबांच्या खांद्यावर पडली. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. नाव उलटली.

वर आले तेव्हा आबा शिडाच्या कापडात अडकले होते. मी कापड ओढून त्यांचं तोंड मोकळं केलं, तोच त्यांनी चांगल्या हाताने माझा गळा धरला. बुडणारा माणूस धरतो तसा, पण हात तोच होता, घरातला. त्यांनी मला खाली दाबलं. नाकातोंडात पाणी गेलं. मी त्यांच्या मनगटाला चावले, हात सुटेना. मग मी मूठ वळली आणि त्यांच्या मोडलेल्या खांद्यावर मारली. पुन्हा मारली. ते गुरासारखे ओरडले आणि हात सुटला. पदराने त्यांना काखेतून बांधून मी उलट्या नावेच्या पाठीला लटकवलं.

तलावावर जाळी टाकणारा एक कोळी होडी घेऊन आला. "बेन, रस्सी पकड़ो! छोड़जो मती!" दोर सोडू नका म्हणून तो ओरडत होता. त्याने आम्हाला ओढून काठावर आणलं.

पावसाळाभर आबांचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. नाव काठावरच्या झोपडीत आणून ठेवली आणि दुरुस्ती मी केली. आबा शेजारी बसून सांगायचे. कुजलेला भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापून काढला. तो हातभर निघाला. त्या जागी सागवानाचा नवा तुकडा बसवला, सांधे कापूस आणि राळेने भरले, पट्टीचे बोल्ट आरपार नेऊन आतून दुसऱ्या पट्टीवर आवळले. आता ती पट्टी लाकडाच्या जिवावर नव्हती. नवी डोलकाठी उभी केली, तारा ताणल्या आणि पुन्हा दोर बांधून ओढलं. मी काठी कानाला लावून सगळ्या फळ्या ऐकल्या.

"काय?" आबांनी विचारलं.

"काही नाही. एकदम शांत."

त्यांनी चांगला हात नवीन लाकडावरून फिरवला. "बरं झालंय," म्हणाले. एवढी शाबासकी मला त्यांच्याकडून आधी कधी मिळाली नव्हती. मला वाटलं, बदलले.

त्याच आठवड्यात आई त्यांना सदरा घालून देत होती. बाही ओढताना खांद्याला हिसका बसला. आबा कळवळले आणि डाव्या हाताने पाण्याचा पितळी तांब्या उचलून त्यांनी आईच्या तोंडावर मारला. भुवई फाटली, रक्त डोळ्यात गेलं. आई खाली बसली.

नावेचं सामान कोपऱ्यात पडलेलं होतं. मोगरी केव्हा उचलली ते मला कळलं नाही. ती माझ्या डोक्याच्या वर होती आणि आबा भिंतीला टेकले होते. त्यांच्या तोंडावर भीती मी पहिल्यांदाच पाहिली, आणि ती बघून मला बरं वाटत होतं. अजून थोडी हवी होती.

"ठेव खाली," आई म्हणाली. तिने एका हाताने डोळा दाबून धरला होता. "ठेव म्हणते ना. सामान बांध. आपण निघू."

"कुठे निघता?" आबा म्हणाले.

"ते तुम्हाला कशाला हवं?" लग्न झाल्यापासून त्यांना तिने असं उत्तर कधी दिलं नसेल.

टांगेवाल्याने तिचं तोंड बघून विचारलं, "कहाँ चलूँ माँजी, अस्पताल?"

"हो भिया, आधी अस्पताल. मग जुनी इंदूर."

माझ्या शाळेतल्या एका बाईंच्या वाड्यामागे एक खोली रिकामी होती. तिथे आम्ही राहिलो. नातलग आले, समजावून गेले. म्हणाले, या वयात नवऱ्याला सोडतात का? आई ऐकून घ्यायची, भाजी निवडत राहायची.

दसरा झाल्यावर आबा स्वतः आले. हात मोकळा झाला होता, पण खांदा खाली उतरलेला. आई उंबऱ्यात उभी राहिली, आत या म्हणाली नाही. त्यांनी तिच्याशी न बोलता मला विचारलं, "रविवारी येशील? दोर धरायला कोणी नाही."

"खलाशी ठेवा," मी म्हटलं.

"राहत नाही कोणी."

ते थोडा वेळ पायरीवर बसले, मग सायकल हातात धरून चालत गेले. पुढेही अधूनमधून यायचे, पायरीवरूनच परत जायचे.

त्या खोलीत आई दुपारी झोपायला लागली; आबांच्या घरी ती दिवसा कधी आडवी झाली नव्हती. शाळेतून लवकर आले तर ती जमिनीवर उताणी पसरलेली दिसायची, हात डोक्याच्या वर, तोंड उघडं, घोरत. मी चप्पल दाराबाहेर काढून तिच्या शेजारून आत जायची आणि वह्या तपासायला बसायची.