मामांचा उजवा हात

देवाच्या कामी येण्यासाठी इतकी धडपड केलेला आणि देवाच्याच माणसांनी इतक्या वेळा माघारी पाठवलेला माणूस, माझे मामेसासरे सोडले तर, मी दुसरा पाहिला नाही. रोह्याच्या एका कंपनीतून ते निवृत्त झाले आणि दुसऱ्याच रविवारी चर्चच्या पाळकसाहेबांपुढे जाऊन उभे राहिले. "आता मी प्रभूचा. काय काम असेल ते सांगा." पेणच्या उपासनेत त्यांना पाच मिनिटं बोलायला दिलं, तर बायबलातल्या नोहाच्या तारवाची लांबी-रुंदी सांगण्यातच पाऊण तास गेला. गायला उभे राहिले की पेटीवाल्याचा हात थांबायचा. मुलांच्या वर्गात त्यांनी नरक असा रंगवला की दोन मुली आठवडाभर एकट्या मोरीत जाईनात. शेवटी पाळकसाहेब हात जोडून म्हणाले, "मामा, तुम्ही नुसते हजर राहा. ती पण सेवाच हाय."

ते मामांना फार लागलं. मग ते सरकारी दवाखान्यात जाऊन खाटेखाटेशी प्रार्थना करू लागले. एरंडेल प्यायल्यासारखा तो चेहरा डोळे मिटून उशाशी आला की बरा होत आलेला माणूसही घाबरायचा. नर्सबाई वैतागल्या. "मामा, बसायचंच तर शेवटच्या खोलीत बसा. तिथं कोणाचं कोणी नसतं." त्या खोलीत हायवेवरच्या अपघातातली माणसं आणत, काही मेलेली, काही मरणारी. नर्सबाई रागाने बोलल्या होत्या. मामा खरंच जाऊन बसले. नातेवाईक येईपर्यंत ते तिथून हलत नसत. रक्त पुसत, माश्या वारत, चपलांचे जोड लावून ठेवत.

एका दुपारी मी त्यांचा डबा घेऊन गेलो होतो. खांब गावाजवळ ट्रकखाली सापडलेला, गडब गावचा एक शेतकरी नुकताच गेला होता. थोड्या वेळाने त्याची बायको आली. रडली नाही. मामांना विचारलं, "काय बोलले का ओ ते?"

मी मामांना डोळ्यांनी खुणावलं, काहीतरी बरं सांगा.

"नाय गो," मामा म्हणाले. "पाणी मागितलं, मी ओठ भिजवले. मग माझा हात धरला. शेवटपर्यंत सोडला नाय."

"कुठला हात?"

मामांनी उजवा हात पुढे केला. तिने तो दोन्ही हातांत घेतला आणि तशीच जमिनीवर बसली. मामाही खाली बसले. पाऊण तास तारवावर बोलणारा तो माणूस एक शब्द बोलला नाही, प्रार्थनासुद्धा नाही. डबा तसाच राहिला.

मामांना जाऊन आता सहा वर्षं झाली. ते गेल्यावर महिन्याभराने नर्सबाईंचा निरोप आला होता, "तुमच्यातलं कोणी येतं का बसायला?" मी गेलो. त्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. आत एक माणूस कण्हत होता. मी बाईंना म्हटलं, "पुढच्या रविवारी नक्की येतो," आणि परत फिरलो. बाईंनी पुन्हा कधी निरोप पाठवला नाही.