सायत्राबाईंचा निरोप

ईशान, रेवा,

तुम्ही दोघं त्या इंटरनेटच्या फोरमवर भुताखेतांच्या गोष्टी वाचत बसता आणि मग फोनवर मला विचारता, "आजी, तुझा काही अनुभव?" आजवर मी हसून टाळत आले, कारण आमच्या घरात हा विषयच नव्हता. माझ्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून घरात गंडा-दोरा, अंगारा, उतारा काही आलं नाही. मी इंग्रजी शिकले, गोंदियाच्या कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवलं. भूत पाहिलं म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मी आधी डोळे तपासून यायला सांगत असे.

तेव्हा हे लिहिते ते कोणाला पटवायला नाही. माझ्या बोलण्यामुळे एका बाईच्या जिवाचा निर्णय झाला, आणि मी ते कशाच्या जोरावर बोलले हे मला अजून सांगता येत नाही. ते मनातून जात नाही. फोरमवर टाकायचं तर टाका. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत.

मागच्या वर्षी मी आजारी पडले ते तुम्हाला माहीत आहे. धानाची मळणी चालू होती, हवेत सगळा भुसा. माझा जुना दमा, त्यावर न्यूमोनिया. तुमच्या आत्याने मला ऑटोत घातलं आणि थेट मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात नेलं. तिथे छातीच्या रोगांचा वेगळा अतिदक्षता कक्ष आहे. लांबट खोली, बेडांच्या मधे हिरवे पडदे. मला खिडकीजवळचा बेड मिळाला. पलीकडे पडदा, आणि पडद्याआड कोणीतरी होतं. मी आले तेव्हा अर्धवट शुद्धीत होते, त्यामुळे कोण आहे ते पाहिलं नव्हतं.

माझ्या नाका-तोंडावर बायपॅपचा मास्क होता. हा मास्क म्हणजे घट्ट पट्ट्यांनी बांधलेली शिक्षा. मशीन हवा ढकलत राहतं, आपण तिच्या तालावर श्वास घ्यायचा. बोलायला गेलं तर नुसती फुसफुस. शिकवण्याचं हॉस्पिटल, म्हणून सकाळी प्रोफेसर विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन यायचे आणि माझ्या उशाशी उभं राहून इंग्रजीत माझ्याविषयी बोलायचे. त्यांच्या चुका ऐकू यायच्या आणि मला दुरुस्त करता यायच्या नाहीत... रेवा, तू हसशील, पण तो छळ मास्कपेक्षा वाईट होता.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशीची दुपार. खिडकीतून चांगलं ऊन आलं होतं. मी जागी होते — हे मुद्दाम लिहिते. पडद्यापलीकडून आवाज आला.

"बाई, झोपल्या का जी?"

भरदार आवाज, शेतात दूरवर हाक मारायची सवय असलेल्या बाईचा. मी नाही म्हटलं.

"मले बी झोप नाही. मशीन लय खडखड करून राहिली."

मग आमच्या गप्पाच सुरू झाल्या. बाई सालेकसाकडच्या होत्या, नाव सायत्रा. उन्हाळ्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात रोवणी, आणि बारा महिने चुलीचा धूर. "थोच धूर बसला छातीत," म्हणाल्या. मी काय करत असे ते त्यांनी विचारलं. कॉलेजात इंग्रजी शिकवत होते म्हटल्यावर म्हणाल्या, "मंग डाक्टर लोकं काय बोलून राहिले ते समजते तुमाले. आमाले त वाटते शिव्याच देऊन राहिले."

मला हसू आलं. मग त्यांनी मुद्द्याचं काढलं.

"बाई, एक काम करा. माह्या पोट्ट्याले सांगा, डाक्टर गळ्याले भोक पाडतो म्हणते त पाडू दे. थे मले घरी नेऊन राहिले. नेऊ नोका म्हणा."

"अहो, मग तुम्हीच सांगा की."

"मले बोलता येते का?" हे त्यांनी अगदी सहज म्हटलं, जणू पायाला लागलंय, चालता येत नाही, तसं. "आन् सांगा का सुनेले दिवस गेले. मले पाह्याचं आहे लेकरू."

मी बरं म्हटलं. पुढे आवाज आला नाही. झोपल्या असतील असं वाटलं.

थोड्या वेळाने पाणी द्यायला सिस्टर आल्या. गोंदियाच्याच, हिंदी बोलणाऱ्या, तोंडाने फटकळ आणि हाताने फार हलक्या. त्यांनी मास्क काढला तेव्हा मी म्हटलं, "त्या शेजारच्या बाईंना जरा आराम करायला सांगा. दुपारभर बोलतायत."

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. "कौन, सायत्राबाई? आजी, उनके गले में तो नली है. नींद की दवा चालू है. वो क्या बात करेंगी? और आपके मुँह पे मास्क था, आप किससे बात कर रही थीं?"

त्यांनी पडदा सरकवला. पलीकडे एक बारीक, काळीसावळी बाई पडली होती. तोंडातून नळी, ओठांच्या कडेला पट्टी चिकटवलेली, डोळे अर्धे मिटलेले. छाती मशीनच्या तालावर वर-खाली होत होती. गप्पा मारण्याचा प्रश्नच नव्हता. आणि मी? तो मास्क लावून मी जे काही "म्हटलं" ते तोंडाने म्हटलंच नव्हतं... हे तोवर माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, डिलिरियम. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की माणसाला भास होतात. मी स्वतःला तेच सांगितलं. नाव सिस्टरच्या तोंडून कानावर पडलं असेल, गाव नातेवाइकांच्या बोलण्यातून, गळ्याच्या भोकाचं डॉक्टरांच्या राउंडमधून. मनाने सगळं जुळवून गोष्ट तयार केली असेल. एवढं पटल्यावर बरं वाटायला हवं होतं, पण संध्याकाळपर्यंत मी सारखी कूस बदलत राहिले.

संध्याकाळी भेटीच्या वेळी त्यांचा मुलगा हेमराज आला, बरोबर त्याचा मामा. पडदा अर्धा उघडाच होता. तिथली निवासी डॉक्टर, आपल्या रेवाएवढी मुलगी, समजावून सांगत होती: तोंडातली नळी फार दिवस ठेवता येत नाही. ती गळ्यातून घातली की झोपेचं औषध कमी करता येईल आणि हळूहळू मशीन सुटायची शक्यता आहे. खात्री नाही, पण शक्यता आहे.

"गळा कापला का खतम असते, मॅडम," मामा म्हणाला. "आमच्या गावच्या एकाचा कापला होता. वापस नाही आला."

"तो फार उशिरा आला असेल, काका."

"काही बी असो. घरी नेतो आमी. आपल्या घरी तरी मरू द्या तिले. काऊन रे हेमराज?"

हेमराज आईच्या पायावरची चादर नीट करत राहिला. डॉक्टर म्हणाली, मशीन काढून नेलं तर रस्त्यातच... मामा म्हणाला, "मालूम आहे. गाडी सांगितली आहे."

मुलांनो, इथे माझी परीक्षा होती. गप्प बसले तर ती बाई संध्याकाळीच जाणार. बोलले, आणि तो नुसता माझा भास असला, तर एका गरीब बाईला तिच्या घराऐवजी परक्या खोलीत, गळ्याला भोक पाडून घेऊन मरावं लागणार, तेही माझ्या डोक्यातल्या वायूमुळे. मला त्यांच्या घरात नाक खुपसायचा काय अधिकार? मी दोनदा मास्कला हात लावला आणि दोनदा काढून घेतला. मग मामा स्ट्रेचरची चौकशी करायला वळला, तेव्हा मी मास्क ओढून काढला.

"हेमराज, इकडे या जरा."

मशीन ओरडायला लागलं. सिस्टर धावत आल्या. मला धाप लागली होती, म्हणून मोजकंच बोलले. "तुमची बायको गरोदर आहे का?"

त्याचा चेहराच उतरला. "काऊन असं बोलता, बाई? चार वर्षं झाले लगनाले. काही नाही आमाले."

मला वाटलं, संपलं. भासच होता. तरीही म्हटलं, "एकदा फोन करून विचारा. मग आईचं काय ते ठरवा."

मामा चिडला. "ह्या बाई कोण? काय बोलून राहिल्या?"

"बीमार आहेत ते," सिस्टर म्हणाल्या आणि मला परत मास्क बांधला.

पण हेमराज फोन घेऊन बाहेर गेला. तो बाहेर होता तेवढा वेळ मला फार मोठा वाटला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. तो सरळ माझ्यापाशी आला.

"हव म्हणते. दोन महिने झाले म्हणते. मागच्या वेळी राहिलं नाही, म्हणून कोणाले सांगतलं नाही तिनं. मले बी नाही. तुमाले कोणं सांगतलं?"

मी पलीकडे बोट दाखवलं. मास्क होता, दुसरं काही करता येत नव्हतं. मग बोट गळ्यावर टेकवलं आणि मान हलवली. हो, करू दे.

हेमराजने आईकडे पाहिलं. मग डॉक्टरला म्हणाला, "कुठं सही करू?" मामा तावातावाने निघून गेला.

सायत्राबाईंच्या गळ्यात दुसऱ्या दिवशी नळी बसली. पुढे त्या मशीनवरून कधी सुटायच्या, कधी परत जायच्या. मला वॉर्डात हलवलं, मग घरी सोडलं, तरी मी आत्याला रोज सिस्टरना फोन करायला लावत होते. तपासणीला गेले तेव्हा कळलं, मशीन पूर्ण सुटलं आहे आणि गळ्याच्या नळीला बोलायचं झाकण बसवलं आहे. मी भेटायला गेले. हेमराजने ओळख करून दिली. "माय, ह्याच थ्या बाई. तू निरोप दिला होता ना ह्याइले."

सायत्राबाई बोलल्या. आवाज बारीक, चिरका, कुठेही भरदार नाही. हेमराजला मी हळूच विचारलं, आधीपासून असाच का? तो म्हणाला, "हव, असाच. चिमणीच म्हणतेत तिले गावात."

"मी कायचा निरोप दिला जी?" त्या म्हणाल्या. "मले थोडं थोडं समजे. पण मी त रोज मनात एकच म्हणून राहिली होती, का मले घरी न्या. बस झालं, घरी न्या. एकानं बी ऐकलं नाही."

"आणि सुनेचं?"

"थे त मले गळ्याचं झाल्यावर पोट्ट्यानं सांगतलं. मले काय मालूम?" मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "तुमी काऊन घाबरल्या? मी जित्ती आहो ना."

आज त्या घरी आहेत, ऑक्सिजनच्या मशीनसह. नात झाली आहे, गोरीपान आणि रडवी. सायत्राबाई मधून मधून फोन करतात. परवा म्हणाल्या, "त्या वक्ती माह्यं कोणी ऐकलं असतं, त मी नसती आज." आणि हसल्या.

मला हसता आलं नाही. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी डिलिरियम समजावून सांगितला, आणि सुनेच्या दिवसांपाशी येऊन तेही थांबले. योगायोग म्हणावा तर म्हणा. पण त्या बेडवरच्या बाईला मरायला घरी जायचं होतं, आणि तिच्या नावाने कोणीतरी मला बरोबर उलटं सांगितलं. खोटं नाव सांगून, खरी खूण देऊन. ज्याने सांगितलं त्याला तिला जगवायचं होतं, आणि त्यासाठी त्याने माझं तोंड वापरलं. ते कोण, आणि तिची मर्जी मोडायचा हक्क त्याला कोणी दिला, हे मला माहीत नाही. मी ती मोडली, एवढंच माहीत आहे.